नाचणीचं काड आणि अण्णांचं नाक

अण्णा, काल तुमच्या अस्थींवरून तुमच्याच घरात भांडण झालं.

श्रीरंगपट्टणला जायला टॅक्सी दारात येऊन उभी होती. भटजी घाई करत होते. आणि तुमचे मेव्हणे केशवराव कलशाशेजारी मांडी घालून बसले होते, ते काही केल्या उठेनात. "अक्का, एक मूठ मला दे," ते म्हणाले. "यलहंकाच्या शेतात टाकतो. भावोजींचा अर्धा जीव तिथंच होता."

भटजींच्या कपाळाला आठी पडली. सगळ्यांनी अक्कांकडे पाहिलं. तुम्ही गेल्यापासून त्या कोणाशी धड बोलल्या नव्हत्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या, तशाच बसून म्हणाल्या, "जन्मभर ते तुला ओरडत आले, शेतात जाळू नकोस, राख करू नकोस म्हणून. आणि आता त्यांचीच राख तिथं पसरतोस? नको रे केशवा. उठून बसतील."

आधी दाराशी उभे असलेले आमचे माधव हसले. मग केशवराव. मग मी. शेवटी अक्कांनीच पदर तोंडाला लावला, आणि त्या हसतायत की रडतायत हे आम्हाला कळेना. भटजी बिचारे एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. तुमच्या घरात सुतक असंच पाळलं जाणार होतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

अस्थी कावेरीतच गेल्या. घरी परतल्यावर मी वर आमच्या खोलीत आले आणि तुमच्याशी बोलायला बसले. समोरासमोर बोलायची सवय आहे, ती एकदम कशी मोडणार?

तुमची माझी पहिली भेट आठवते? लग्न होऊन नुकतीच पुण्याहून आले होते. माधवना विमानांच्या कारखान्यात नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं, आणि मल्लेश्वरममध्ये वरचा मजला भाड्याने मिळतो असं कोणीतरी सांगितलं होतं. तुम्ही बनियन घालून अंगणात नारळाच्या बुंध्याशी चर खणत होतात. मला वाटलं माळी. मी म्हटलं, "मालक आहेत का?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आहेत की. वर जावा, बघून या. स्वल्प जपून, पायरी मोडकी आहे."

मी जिन्यात माधवना कुजबुजले, "माळीसुद्धा 'स्वल्प' म्हणतो! इतकं शुद्ध मराठी तर आमच्या कॉलेजातल्या संस्कृतच्या सरांचंही नव्हतं." पुढे आठवडाभरात बसच्या कंडक्टरपासून भाजीवालीपर्यंत सगळेच 'थोडं'ला कानडीत 'स्वल्प' म्हणतात हे लक्षात आलं, आणि तुम्हाला तो किस्सा सांगितला तेव्हा तुम्ही इतके हसलात की अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. तीनशे वर्षं कानडी मुलुखात राहिलेलं तुमचं घराणं. तुमच्या मराठीत कानडी कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं. मला तुम्ही 'पुण्याच्या बाई' म्हणायचात. माझं नाव सुमती आहे हे तुम्हाला रागावल्यावर आठवायचं.

खोल्या बघून खाली आले तेव्हा तुम्ही भाड्याचं काही बोललाच नाहीत. विचारलंत, "भाजीची सालं कुठं टाकणार?"

मला प्रश्न कळला नाही.

"सालं, देठं, केळीची पानं. रस्त्यावर टाकणार असाल तर खोली नाही. इथं चरात टाकायची, वर माती लोटायची. जमेल?"

"जमेल," मी म्हटलं. "पण नुसती सालं टाकून मुंग्या होतील. थोडं शेण नको का?"

तेव्हा तुम्ही पहिल्यांदा मान वर केलीत. "काय शिकलीस?"

"वनस्पतिशास्त्र. बी.एस्सी."

"मग घरी बसून काय करणार?"

हा प्रश्न मला सासरी-माहेरी कोणीच विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता.

तुमचं सरकारी शेती-संशोधन केंद्र शहराच्या उत्तरेला होतं. तिथला मातीच्या जीवाणूंचा विभाग म्हणजे तुम्ही, एक शिपाई, दोन सूक्ष्मदर्शक आणि रोज रुसणारं एक निर्जंतुक करायचं यंत्र. मला मदतनीस म्हणून घ्यायला तुम्ही किती जणांशी भांडलात हे मला फार उशिरा कळलं. बाई शेतात उतरणार का, बाईला माती खणायला कशी सांगायची, असले प्रश्न वरून येत होते. तुम्ही मला त्यातला एकही कळू दिला नाहीत. पहिल्याच दिवशी हातात खुरपं आणि डबी दिलीत आणि म्हणालात, "तिकडच्या तीन पट्ट्यांतून माती आण. मिसळू नकोस."

तीन पट्टे. तिन्हींत नाचणीच. पण कापणीनंतर पहिल्यात धसकटं आणि काड जाळायचं, दुसऱ्यात सगळं उचलून न्यायचं, तिसऱ्यात ते तसंच नांगराखाली गाडायचं. मग तिन्ही पट्ट्यांतली माती पाण्यात कालवून काचेच्या बशीतल्या खळीवर शिंपडायची, उबेच्या पेटीत ठेवायची आणि कोण कोण उगवतं ते बघायचं. यंत्र बंद पडलं की आपण बशा घरी आणायचो आणि अक्कांच्या इडलीच्या तपेल्यात वाफवायचो. "उद्या या बशांत चटणी वाढेन," अक्का म्हणायच्या. एकदा वाढलीही.

जाळलेल्या पट्ट्याची बशी सुरुवातीला ओकीबोकी असायची. गाडलेल्या पट्ट्याची बशी म्हणजे जत्रा. पांढरे, पिवळे, गुलाबी ठिपके, आणि मधूनमधून खडूची भुकटी सांडावी तसे कोरडे पुंजके. तुम्ही बशीचं झाकण उचलून त्या पुंजक्यांवर नाक न्यायचात आणि डोळे मिटायचात. "मातीला जो वास असतो ना, तो या गृहस्थांचा. हे नसतील तर माती म्हणजे नुसती विटेची पूड."

आणि तरीही गाडलेल्या पट्ट्यातली नाचणी आधी पिवळी पडायची. मला ते समजेना. इतके जीवाणू वाढले तर पीक का रुसतं? तुम्ही मला ते अक्कांच्या ओसरीवर, केळीच्या पानावर जेवताना समजावलंत. "जीवाणू म्हणजे लग्नघरातले पाहुणे. पान मांडलं की येतात. पण काड म्हणजे नुसता भात. वरण कुठं आहे त्यात? मग पाहुणे घरातलं वरण ओरपतात. मातीतलं नत्र. घरच्यांना काय उरणार? पीक पिवळं."

"मग?"

"मग काय, भात संपला की पाहुणे मरतात. त्यांनी खाल्लेलं मातीतच पडतं. तेव्हा पिकाचं जेवण. थांबायची तयारी पाहिजे."

"मग पाहुण्यांना घरात कशाला घ्यायचं?" मी म्हटलं. "बाहेर मांडव घाला. खड्ड्यात काड टाका, शेण टाका, अवऱ्या-पावट्याचे वेल टाका, जेवणं तिथेच उरकू द्या. नंतर ते शेतात न्या."

"म्हणजे घरात चूल असून खाणावळीचा डबा आणायचा?" तुम्ही पानावरून हात उचललात. "अगं, शिजताना जी ऊब असते, जी वर्दळ असते, ती मातीलाच मिळायला पाहिजे. बाहेर कुजवलंस तर निम्मं हवेत गेलं."

त्या दिवशी सुरू झालेला तो वाद, अण्णा. ताक संपलं, हात वाळले, तरी आपण भांडत होतो.

मग ती तापाची साथ आली. सगळं शहर कण्हत होतं. तुम्हीही बरेच दिवस अंथरुणाला खिळलात, उठलात, कामावर आलात. तुमच्यात काही बदललंय असं कोणालाच वाटलं नाही.

माझ्या लक्षात आलं ते एका बरणीमुळे. माती आणि काड भरून, पाणी जास्त घालून, झाकण घट्ट लावून आपण एक बरणी कोपऱ्यात ठेवली होती. तिचं झाकण उघडलं आणि शिपाई नाक धरून बाहेर पळाला. मी पदर नाकाला लावला. नासलेली अंडी, गटार, सगळं एकत्र. तुम्ही मात्र नेहमीसारखे वाकलात, डोळे मिटलेत, दीर्घ श्वास घेतलात आणि म्हणालात, "छान."

मी दार लोटलं. "अण्णा, तुम्हाला वास येत नाही."

तुम्ही बरणीचं झाकण फिरवत बसलात. "दार नीट लागलं ना?" एवढंच विचारलंत. मग म्हणालात, "तापानंतर गेला तो गेला. वाटलं, येईल. अक्काला सांगू नकोस. तिच्या हुळीला रोज 'वा' म्हणतो मी. नुसतं तिखट आणि आंबट कळतं जिभेला, बाकी सगळा कापूस." हुळी म्हणजे तुमच्याकडचं सांबार. अक्कांना आपल्या फोडणीचा केवढा अभिमान! आणि तुम्हाला तुमच्या नाकाचा. दूरदूरचे शेतकरी फडक्यात माती बांधून आणायचे, तुम्ही ती हुंगून सांगायचात, इथे पाणी तुंबतं, इथे बरंच जाळलेलं दिसतं. यंत्रं तेच सांगत, पण उशिरा. आता ते नाक नाही, हे तुम्ही जगाला सांगायला तयार नव्हतात.

त्या दिवसापासून मी तुमचं नाक झाले. कोणी माती आणली की तुम्ही ती हुंगल्यासारखं करायचात, मग चिमूट माझ्या तळहातावर ठेवून विचारायचात, "काय म्हणते?" आणि मी हलक्या आवाजात सांगायची. सुरुवातीला मला सांगताच यायचं नाही. 'मातीचा सुगंध' म्हटलं तर तुम्ही चिडलात. "ते कवींना दे. मला सांग, कशासारखा?" मग मी शोधायला लागले. ओल्या पोत्यासारखा. ताकाचा डेरा नीट घासला नाही तर येतो तसा. देवघरातल्या जुन्या पाटासारखा. उन्हात ठेवलेल्या लोखंडी किल्लीसारखा. तुम्ही मान हलवायचात, "सरी, सरी," म्हणजे बरोबर, बरोबर, आणि तुमच्या चेहऱ्यावर कुठूनतरी तो वास आठवून यायचा. खरं सांगू? त्या आधी मी जगात नाकाशिवायच वावरत होते. भाजीबाजारातून जाताना, बसमध्ये, माधवांच्या ऑइल लागलेल्या शर्टांच्या ढिगाशी, प्रत्येक ठिकाणी मी मनात तुम्हाला सांगत असायची, हा असा आहे, हा तसा.

केशवरावांच्या शेताचं झालं, तेव्हा मी इथे नव्हते. आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेले होते. जे घडलं ते मी तुमच्याकडून ऐकलं, अक्कांकडून ऐकलं, केशवरावांकडून ऐकलं, आणि तिघांचं सांगणं एकमेकांशी तंतोतंत जुळतं, कारण तुम्ही स्वतःला वाचवायला त्यातलं काहीच बदललं नाहीत.

अक्कांचे ते धाकटे भाऊ. त्या वर्षी सुगीत अवेळी पाऊस झाला आणि त्यांची नाचणीच्या काडाची गंजी भिजली. काळी पडली. बैल तोंड लावेनात. ते सगळं पेटवून द्यायला निघाले होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, जाळू नकोस, तळ्याकडच्या खालच्या शेतात गाड. ते तयार नव्हते. अक्कांनी शब्द टाकला म्हणून ऐकलं. उन्हाळ्यात वळवाच्या सरी नेहमीपेक्षा जोरात आल्या आणि खालच्या शेतात पाणी साचून राहिलं. पेरणीआधी तुम्ही बघायला गेलात. केशवरावांनी फावड्याने एक ढेकूळ उचलून तुमच्या हातात दिलं आणि म्हणाले, "भावोजी, वास बरा नाही."

तुम्ही ते ढेकूळ नाकाशी नेलंत. भोवती त्यांचे शेजारीपाजारी उभे होते. तुम्ही म्हणालात, "काड कुजताना येतोच. घाल बी."

बी कुजलं. जे उगवलं ते पिवळं पडून बसलं. हवा न मिळालेलं काड आतल्या आत आंबलं होतं, तेच आपल्या बरणीतलं. दाणा आला नाही, काडही आलं नाही. आधीच्या वर्षीचं काड मातीत गेलेलं. बैलांना घालायला काही नव्हतं. तुमच्या गाईसाठी भरून ठेवलेला चारा अक्कांनी गाडीत घालून भावाकडे पाठवला. त्यांनी तो ठेवून घेतला, पण गाडीवानाबरोबर एक शब्दही परत आला नाही.

मी परत आले तेव्हा तुमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मग गौरीचा सण आला. माहेरहून भावाने बागिण आणायचं, सुपात बांगड्या, हळदकुंकू, खण, नारळ, वर दुसरं सूप झाकलेलं. केशवरावांनी ते एकाही वर्षी चुकवलं नव्हतं. अक्का सकाळी नवी रेशमी साडी नेसून दारातल्या बाकावर बसल्या. मी वरून बघत होते. दुपार झाली. त्या उठून आत गेल्या, जेवण वाढलं, पुन्हा येऊन बसल्या. दिवेलागणीला त्यांनी स्वतःच उठून दार लावून घेतलं. तुम्ही ओसरीवर होतात. त्या तुम्हाला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं, असं तुम्ही मला नंतर म्हणालात.

पुढच्या रविवारी तुम्ही मला म्हणालात, "चल, यलहंका. तू साक्षीला पाहिजेस."

आपण पोचलो तेव्हा केशवराव गोठ्यापुढे बसून दोर वळत होते. त्यांनी "या" म्हटलं नाही, "जा"ही म्हटलं नाही. तुम्ही उभ्याउभ्याच सांगितलंत. "केशवा, मला वास येत नाही. त्या तापानंतर येतच नाही. तू ढेकूळ दिलंस तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं. लोकांसमोर सांगायची लाज वाटली. म्हणून खोटं बोललो. तुझं पीक त्यात गेलं."

केशवरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांचा विश्वास बसेना. ते ताडकन उठून आत गेले आणि मूठ मिटून बाहेर आले. "डोळे मिटा, भावोजी." तुम्ही मिटलेत. त्यांनी मूठ उघडून तुमच्या नाकाखाली धरली. हिंगाचा खडा होता, चांगला सुपारीएवढा. मला चार हातांवरून शिंक आली. 

"काय आहे?"

तुम्ही लांब श्वास घेतलात. विचार केलात. "गूळ?"

केशवराव हिंगाचा खडा हातात घेऊन तसेच उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं आणि मग ते विरून गेलं. "अहो, पण माझं नाक होतं की तिथं," ते म्हणाले. "मी सांगत होतो ना, वास बरा नाही म्हणून?"

"सांगत होतास."

"मग ऐकलं का नाही?"

"ऐकायला पाहिजे होतं," तुम्ही म्हणालात. आणि खाली बसलात. भर उन्हात, गोठ्यापुढच्या मातीत, धोतराची पर्वा न करता.

त्यांनी तुम्हाला माफ केलं असं त्या दिवशी काही म्हटलं नाही. पण बायकोला हाक मारून ताक आणायला सांगितलं. आणि परतताना आपल्याबरोबर बसमध्ये चढले, कडेवर सुपं घेऊन. सण उलटून गेलेला, तरी अक्कांनी ते बागिण दारातच हातात घेतलं. सगळं कळल्यावर त्या तुमच्याकडे वळल्या. "म्हणजे इतके दिवस माझ्या फोडणीला 'वा, वा' चाललं होतं ते?"

तुम्ही म्हणालात, "आवाज छान येत होता."

तेवढ्यावर तुम्हाला जेवण मिळालं, हे तुमचं नशीब. पण त्यानंतर अक्का वाढताना म्हणायला लागल्या, आज कढीलिंब ताजा आहे हं, आज मेथी जरा करपली. मी ऐकलंय, अण्णा. त्या तुम्हाला ताटातला वास सांगायच्या, आणि तुम्ही लहान मुलासारखे ऐकत जेवायचात.

त्या शेताचं काम मग आपण पुन्हा पहिल्यापासून केलं. आधी पाणी काढून द्यायला चर. मग एक हंगाम नुसते अवरे आणि हुलगे, त्यांचे वेल मातीत. वेल गाडले की पीक पिवळं पडत नाही, त्यांच्यात वरण असतं म्हणायचात तुम्ही. मग काड, पण थोडंच, आणि बैलांचा घास बाजूला काढून झाल्यावर उरेल तेवढंच. केशवरावांनी अट घातली होती: आधी बैल, मग तुमचे ते न दिसणारे पाहुणे. तुम्हाला ती अट मान्य करावी लागली, आणि तुमच्या पुढच्या सगळ्या व्याख्यानांत तीच पहिली आली. शेताचे दोन भाग केले. एकात तुमच्या पद्धतीने सरळ गाडलेलं, दुसऱ्यात माझ्या खड्ड्यात कुजवलेलं. पाऊस कमी झाला की माझा भाग बरा यायचा, ठीक झाला की तुमचा. तुमचा आला की तुम्ही आठवडाभर शीळ घालत फिरायचात. माझा आला की म्हणायचात, "बाई, एका वर्षावरून काही ठरत नाही."

ते अजूनही ठरलेलं नाही.

मधल्या वर्षांत सगळीकडे खताची पोती आली. तरुण अधिकारी आले. काड गाडा, वाट बघा, कशाला? मूठभर पांढरं टाका, आठवड्यात हिरवं. तुम्ही त्याच्या विरुद्ध नव्हतात, हे कोणी समजूनच घेतलं नाही. काडाबरोबर थोडं खत दिलं तर पाहुण्यांना वरण मिळेल आणि पीक पिवळं पडणार नाही, हे सगळ्यात आधी तुम्हीच सांगितलं होतं. पण नुसत्या खतावर माती किती वर्षं माती राहील, असं तुम्ही विचारलंत की बैठकीतले लोक घड्याळाकडे बघायचे. मी तुमच्या शेजारी बसलेली असायची. मला त्यांचा फार राग यायचा. तुम्हाला यायचा नाही. तुम्ही म्हणायचात, "बघू दे की घड्याळ. मीही ढेकूळ हातात घेऊन ऐकलं नव्हतं."

निवृत्त झालात तरी रविवारी केंद्रावर यायचात. मग छातीचं दुखणं सुरू झालं आणि जिना चढायला बंदी आली, तेव्हा मीच मातीच्या डब्या घरी आणायला लागले. तुम्ही ओसरीवर आरामखुर्चीत आणि मी पायरीवर. एकदा मी म्हटलं होतं, "अण्णा, तुम्ही मला कामावर घेतलं नसतं तर—" आणि तुम्ही मधेच म्हणालात, "तर वरचा सगळा मजला सालांनी भरला असता." पुढचं वाक्य तुम्ही मला कधी पूर्ण करू दिलं नाहीत. ते मी आता पूर्ण करू शकते, पण समोर कोणी हसून उडवून लावायला नसेल तर ते वाक्य फार जड वाटतं. राहू दे.

मागच्या महिन्यात माधवांची बदली झाली. महाराष्ट्रात नवा कारखाना निघालाय, तिकडे. बढती आहे, मोठं क्वार्टर आहे, दोन्हीकडची माणसं जवळ येतील. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी शेताची वही काढून बसले. माधवनीच विचारलं, "तुला शेताचं पडलंय ना?" मी म्हटलं, "पावसाळ्याआधी दोन्ही भागांत काड घालायचं आहे. या वेळी खतासकट आणि खताशिवाय, दोन्ही करून बघायचंय. निदान दोन हंगाम तरी." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर हंगाम मोजले. मग म्हणाले, "मी पुढे जातो. तू दोन हंगाम कर. लोक काय म्हणायचं ते म्हणतील." माझ्या सासूबाई नंतर काय म्हणाल्या ते मी तुम्हाला सांगत नाही. आईही तेच म्हणाली. पण काल अक्का म्हणाल्या, "वर एकटी कशाला राहतेस? खाली माझ्याकडे जेव." कालपासून मी तिथेच जेवते आहे.

राहायचं ठरलं त्या संध्याकाळी, ती तुमची शेवटची संध्याकाळ, मी हे सांगायला खाली आले होते, अण्णा. तुमचं मत हवं होतं असं नाही, ठरलं होतंच. फक्त तुम्हाला सगळ्यांच्या आधी सांगायचं होतं. तुम्ही खुर्चीत झोपला होतात. वर्तमानपत्र छातीवर, चष्मा कपाळावर. अक्का म्हणाल्या, "उठवू?"

मी म्हटलं, "नको. झोपू द्या. उद्या सांगते."